विषाणूचे घर : उंदराच्या पिलापासून वाघळाच्या आतड्यापर्यंत

वरूडला शिक्षकांच्या एका शिबिरात विषाणूंवर बोलण्याचा योग आम्हाला आला. व्याख्यान संपले, चहा आला, आणि एका शिक्षिकेने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सर, आमच्या शाळेमागे चिंचेचे जुने झाड आहे. त्यावर शे-दोनशे वाघळे लटकलेली असतात. महाबळेश्वरच्या वाघळांत निपाह सापडल्याची बातमी आली, तेव्हापासून गावातले लोक म्हणतात, झाड तोडा. तोडावे का?"

आम्ही लगेच "तोडू नका" म्हणालो. पण त्यांचा पुढचा प्रश्न आम्हाला अधिक अडचणीचा वाटला. "वाघळातला विषाणू माणसात येतो की नाही, हे तुम्हाला कळते कसे? वाघळाला आणि माणसाला दोघांनाही टोचून बघता का?"

त्याचे उत्तर त्या दिवशी चहाच्या कपावर पुरे झाले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. मात्र सुरुवात त्याच गप्पांत सामील झालेल्या दुसऱ्या एका शिक्षकांपासून करायला हवी. शेंदुरजना घाटला त्यांच्या घरची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे ट्रिस्टेझा असाच ओळखत. संत्र्याचे झाड हिरवेगार असते, बघून काही कळत नाही. त्याचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधायचा. रोग असला तर लिंबाच्या कोवळ्या पानांच्या शिरा काचेसारख्या पारदर्शक पडतात."

हे उदाहरण आम्हाला फार आवडले. ट्रिस्टेझा हा लिंबूवर्गीय झाडांचा विषाणू. जंबेरीच्या खुंटावरच्या संत्र्यात तो बरेचदा मुकाट्याने राहतो. आंबट नारिंगाच्या खुंटावर बांधलेली झाडे त्याने जगभर लाखोंनी मारली. कागदी लिंबाच्या पानावर तो स्वतःची सही करतो. विषाणू एकच, पण घर बदलले की त्याची गोष्ट बदलते. विषाणुशास्त्राचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी योग्य 'कागदी लिंबू' शोधण्याचा इतिहास आहे.

जीवाणू मांसरसावर किंवा अगारच्या थरावर वाढतो. विषाणूला जिवंत पेशीच हवी. त्यामुळे सुरुवातीला विषाणू वाढवायचा म्हणजे जिवंत प्राणीच हवा असे. पाश्चरने पिसाळरोगाचा विषाणू, तो विषाणू आहे हे माहीत नसताना, सशांमध्ये वाढवला आणि १८८५ साली त्यावरून लस दिली. १९३१ मध्ये गुडपाश्चर आणि वुडरफ यांनी कोंबडीच्या उबवत्या अंड्यात विषाणू वाढवून दाखवले. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत, मानवी भ्रूणाच्या ऊतींच्या तुकड्यांवर वाढवला. तोवर समज असा की पोलिओ फक्त मज्जापेशींत वाढतो. या तिघांच्या नळ्यांत तो त्वचा-स्नायूंच्या तुकड्यांवर वाढला, तसाच आतड्याच्या तुकड्यांवरही वाढला. पोलिओ तोंडावाटे येतो व प्रथम घशात आणि आतड्यात घर करतो हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्याची खूण त्या नळीत दिसली होती. १९५४ चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले.

आपल्याकडे याच काळात, १९५२ साली, पुण्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढले. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. हे नाव तिला १९७८ मध्ये मिळाले. डास, गोचिडी, वाळूमाशी यांच्यामार्फत पसरणारे विषाणू हा केंद्राचा मुख्य विषय. रुग्णाचे रक्त घ्यायचे, उंदराच्या दोन-तीन दिवसांच्या पिलांच्या मेंदूत टोचायचे आणि पिले आजारी पडतात का ते पाहायचे, ही तेव्हाची जगभरची रीत. विदर्भाचा या केंद्राशी लवकर संबंध आला. १९६५ साली नागपुरात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्या वेळी तापाच्या रुग्णांचे नमुने तपासताना भट आणि रॉड्रिग्ज यांना दोन नमुन्यांत एक निराळाच विषाणू सापडला. नागपूरजवळच्या गावावरून त्याला 'चांदीपुरा' असे नाव पडले. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, आणि २००७ मध्ये विदर्भात, मुलांच्या मेंदूज्वराशी या विषाणूचा संबंध दिसून आला.

डासांनी पसरणाऱ्या विषाणूंबाबत एक अडचण होती. ते दोन घरांत राहतात, एक माणूस आणि दुसरे डास. माणसाच्या किंवा माकडाच्या पेशी नळीत वाढवणे जमू लागले होते. डासाच्या पेशींचे काय? ऑस्ट्रेलियात ग्रेस यांनी १९६२ मध्ये एका पतंगाच्या पेशी अखंड वाढत्या ठेवून दाखवल्या. कीटकांच्या पेशींची ही पहिली वंशावळ. 'वंशावळ' म्हणजे अशा पेशी, की ज्या एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत घालत गेले तरी विभागत राहतात. १९६६ मध्ये ग्रेस यांनी ईडिस इजिप्ती डासाच्या पेशीही मिळाल्याचे जाहीर केले. पण काही वर्षांनी नीट तपासणी झाली तेव्हा त्या पेशी डासाच्या नव्हत्याच. जुन्या पतंगाच्याच पेशी त्या बाटलीत शिरून वाढल्या होत्या! पेशीसंवर्धनाच्या कामात असा घोटाळा फार सहज होतो. एका पिपेटच्या टोकावरचा थेंब पुरतो. म्हणून बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.

डासाच्या खऱ्या पेशींची वंशावळ पुण्यात तयार झाली. विषाणू संशोधन केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्या घेतल्या. त्या बारीक चिरून पोषक द्रवात ठेवल्या. अळीच्या तुकड्यांतून पेशी बाहेर पडल्या, काचेला चिकटल्या आणि विभागू लागल्या. ईडिस अल्बोपिक्टस आणि ईडिस इजिप्ती या दोन्ही जातींच्या पेशी त्यांना मिळाल्या. १९६७ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा दोन-तीन पानी लेख आला. पुढच्या दोन वर्षांत सिंग आणि पॉल यांनी या पेशींत डेंगी आणि चिकुनगुनियाचे विषाणू वाढतात हे दाखवले. या पेशी पुण्याहून जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. १९७८ मध्ये जपानच्या इगाराशी यांनी अल्बोपिक्टसच्या पेशींतून विषाणूला विशेष अनुकूल अशी एक शाखा निवडली. तिचे नाव सी ६/३६. आज जगात कोठेही रुग्णाच्या रक्तातून डेंगीचा विषाणू वाढवायचा असेल तर बहुधा याच शाखेच्या पेशी वापरतात. पुण्यात चिरलेल्या अळ्यांचे वंशज अजून बँकॉकपासून ब्राझीलपर्यंत विभागत आहेत, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हरकत नसावी.

पण या यशातच एक विसंगती होती. निसर्गात डेंगीचा मुख्य वाहक ईडिस इजिप्ती. बाटलीत मात्र अल्बोपिक्टसच्या पेशी अधिक विषाणूंना थारा देत. असे का? सी ६/३६ पुरते उत्तर २०१० च्या सुमारास मिळाले. डासांच्या पेशींत विषाणूचा आरएनए ओळखून कापून टाकणारी एक कात्रीसारखी यंत्रणा असते. सी ६/३६ मध्ये ही कात्री बिघडलेली आहे. विषाणू तेथे जोमाने वाढतो, कारण घराला कुलूप नाही. अशीच कथा व्हेरो पेशींची. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या या पेशी आज लसनिर्मितीचा कणा आहेत. विषाणूची चाहूल लागताच शेजारच्या पेशींना सावध करणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिने पेशी बनवतात. त्यांतला एक महत्त्वाचा गट व्हेरो पेशींना बनवताच येत नाही.

म्हणजे विषाणुशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे ज्या पेशी आवडीने वापरल्या, त्या आवडीच्या ठरल्या याचे एक कारण त्यांची निराधार अवस्था हे होते. 'हा विषाणू वाढवता येईल का?' या प्रश्नाला त्या उत्तम उत्तर देतात. 'हा विषाणू या प्राण्याला खरोखर लागेल का?' या प्रश्नाला त्यांचे उत्तर भरवशाचे नाही. वरूडच्या बाईंचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता.

आतड्याच्या विषाणूंनी ही अडचण सर्वांत स्पष्ट केली. १९६९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का येथे मेबस यांना हगवणीने मरणाऱ्या वासरांत एक विषाणू सापडला. १९७३ मध्ये मेलबर्नला रुथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी मुलांच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेथे तसेच चाकासारखे कण दिसले. चाकाला लॅटिनमध्ये रोटा, म्हणून रोटाव्हायरस. मुलांच्या अतिसाराचे हे एक मोठे कारण जगापुढे आले, पण माणसातला रोटाव्हायरस बाटलीत काही केल्या वाढेना. १९८० मध्ये वायट यांनी तो आधी जंतुरहित वाढवलेल्या डुकराच्या पिलांतून अकरा वेळा फिरवला, तेव्हा कोठे तो पेशींत रुजला. १९८१ मध्ये जपानमध्ये साटो आणि उरासावा यांच्या गटांनी सोपा मार्ग दाखवला: द्रवात थोडे ट्रिप्सिन घाला. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून आतड्यात येणारे पाचक विकर. विषाणूच्या अंगावरचे काट्यासारखे प्रथिन ते ठरावीक जागी कापते, आणि मगच विषाणू पेशीत शिरू शकतो. आपण ज्या रसाने अन्न पचवतो तोच रस विषाणूसाठी दार उघडतो.

गंमत पाहा: आतड्याचा हा विषाणू ज्या पेशींत वाढवला त्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या होत्या. तरी त्यातून लसी झाल्या, ही मोठीच गोष्ट. दिल्लीच्या नवजात बाळांत १९८० च्या दशकात सापडलेल्या ११६ई या वाणात गाईच्या रोटाव्हायरसकडून आलेले एक जनुक निसर्गतःच मिसळले होते; त्यापासून रोटाव्हॅक ही लस झाली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस गाईच्या वाणावर माणसातल्या वाणांची जनुके बसवून केली आहे. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस मिळू लागली. वासराच्या आतड्यातला विषाणू आणि बाळाच्या आतड्यातला विषाणू यांची देवाणघेवाण होते, याचा पुरावा अंगणवाडीतल्या बाळाच्या तोंडात पडतो असे म्हणा ना.

मूत्रपिंडाची युक्ती प्रत्येक वेळी चालली नाही. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत उलट्यांची साथ आली. १९७२ मध्ये तिचा विषाणू सूक्ष्मदर्शकात दिसला. आज त्याला नोरोव्हायरस म्हणतात. त्यानंतर चार दशके हा मानवी विषाणू आतड्याच्या पेशींत वाढवण्याचे प्रयत्न फसत राहिले. त्याला मूत्रपिंड नको होते, आतडेच हवे होते. आणि आतडे बाटलीत जगत नव्हते.

ते का जगत नव्हते हे समजण्यासाठी आतड्याचे अस्तर डोळ्यांसमोर आणावे लागेल. लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. मखमलीच्या तंतूंसारखे जे उंचवटे, ते व्हिली. त्यांच्या पायथ्याशी खळगे असतात. व्हिलीवरच्या पेशी अन्न शोषतात, झिजतात आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडतात. म्हणजे या लेखाच्या वाचकाचे आजचे अस्तर पुढच्या आठवड्यात नसेल. नव्या पेशी येतात त्या खळग्याच्या तळाशी बसलेल्या मूलपेशींपासून. पेशी तयार झाली की सरकत्या जिन्यावर उभी राहिल्यासारखी वर वर जाते, वाटेत शोषक पेशी किंवा श्लेष्मा सोडणारी पेशी बनते आणि टोकाला पोचून गळते. अशा अस्तराचा तुकडा नळीत ठेवला तर मूलपेशींना लागणारे संदेश बंद होतात आणि काही तासांतच सगळे विरघळू लागते.

२००७ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत बार्कर आणि सहकाऱ्यांनी या मूलपेशी नेमक्या ओळखण्याची खूण शोधली. तिचे नाव एलजीआर ५. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील तोशिरो साटो यांनी उंदराच्या आतड्यातून अशी एकेक पेशी वेगळी काढली. ती मऊ प्रथिनांच्या जेलीत रुतवली आणि शरीरात तिला शेजाऱ्यांकडून मिळणारे तीन-चार वाढसंदेश बाहेरून दिले. दोन आठवड्यांत एका पेशीपासून पोकळ गोळा झाला, गोळ्याला फुगवटे आले, फुगवट्यांच्या तळाशी मूलपेशी आणि वर शोषक पेशी अशी रचना आपोआप उभी राहिली. कोणी साचा दिला नव्हता. मिलिमीटरहून लहान असे ते आतड्याचे अस्तर होते. यालाच ऑर्गनॉइड म्हणतात. मराठीत 'अवयवकल्प' म्हणता येईल; शब्द थोडा जड आहे, पण अर्थ बरोबर पोचवतो. दोन वर्षांत माणसाच्या आतड्याचेही अवयवकल्प तयार झाले. २०१२ मध्ये त्यांत रोटाव्हायरस वाढला. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या मेरी एस्टेस यांच्या गटाने त्यांत नोरोव्हायरस वाढवला. काही वाणांना त्यासाठी पित्तही घालावे लागले. नॉरवॉकच्या शाळेपासून अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

आणखी एक व्यावहारिक अडचण होती, ती विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. हा गोळा म्हणजे उलटी पिशवी. अन्नाची बाजू आत आणि रक्ताची बाजू बाहेर. विषाणू तर अन्नाच्या बाजूने येतो. मग गोळ्यात सुईने विषाणू सोडा, गोळा उलटवून आतली बाजू बाहेर आणा, किंवा तो फोडून पेशींचा सपाट गालिचा पसरा. तिन्ही मार्ग वापरले जातात. आम्हाला तिसरा बरा वाटतो, कारण त्यात मोजमाप सोपे होते.

हीच युक्ती इतर प्राण्यांना लावण्यात मग फारसा वेळ गेला नाही. डुक्कर, गाय, मेंढी यांच्या आतड्यांचे अवयवकल्प तयार झाले. एका प्राण्याच्या थोड्याशा ऊतीपासून ते वर्षानुवर्षे वाढवत ठेवता येतात, गोठवून ठेवता येतात. शिवाय या पेशींची कुलुपे शाबूत असतात. विषाणू आला की त्या इंटरफेरॉन सोडतात. वासराला प्रत्यक्ष हगवण लावून पाहण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी होते.

आता वाघळांकडे येऊ. महाराष्ट्रात वाघळांच्या विषाणूंचा अभ्यास पुण्याच्या संस्थेने आधीच सुरू केला होता. महाबळेश्वरच्या गुहेत राहणारी रुझेटस लेशेनॉल्टी ही फळे खाणारी वाघळे तिथल्या शास्त्रज्ञांनी तपासली. त्यांत मिळालेला एक नवा विषाणू २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला. त्याचे नाव मलसूर. चीनमध्ये गोचिडींमुळे पसरणाऱ्या एका गंभीर तापाच्या विषाणूचा तो नातेवाईक. २०१३ मध्ये मौर्य आणि सहकाऱ्यांनी एका लहान कीटकभक्षी वाघळाच्या भ्रूणापासून पेशींची वंशावळही तयार केली होती. सिंग यांच्या अळ्यांचीच ती परंपरा. २०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या, आणि २०२१ मध्ये ती बातमी झाली. वरूडच्या गावकऱ्यांनी ऐकली ती हीच. त्या खुणा वाघळांत होत्या, माणसांत नव्हत्या, आणि महाबळेश्वर वरूडपासून पाचशे किलोमीटरांहून दूर आहे, या दोन गोष्टी बातमी गावापर्यंत येता येता गळून पडल्या.

२०२० च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी चीनमधील नालमुखी वाघळाच्या आतड्याचे अवयवकल्प प्रसिद्ध केले. त्यांत कोविडचा विषाणू वाढला. मानवी आतड्याच्या अवयवकल्पांतही तो वाढतो हे त्याच सुमारास नेदरलँड्समधून कळले होते. २०२१ मध्ये टोकियोतील एल्बदावी आणि सहकाऱ्यांनी रुझेटस लेशेनॉल्टीच्या, म्हणजे महाबळेश्वरच्या गुहेत राहणाऱ्या जातीच्याच, आतड्याचे अवयवकल्प वाढवले. कोविडचा विषाणू त्यांत वाढला नाही. वाघळांशी संबंधित दुसरा एक विषाणू, टेरोपाइन ऑर्थोरिओव्हायरस, मात्र वाढला. म्हणजे गोळा सुस्थितीत होता, विषाणूला थारा द्यायला समर्थ होता, आणि तरी कोविडच्या विषाणूला त्याने दार उघडले नाही. 'वाघूळ' हा एकच प्राणी समजून बोलणाऱ्यांसाठी हा प्रयोग महत्त्वाचा आहे. जगात वाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत, आणि प्रत्येकीचे आतडे वेगळे उत्तर देऊ शकते.

या उत्तरालाही मर्यादा आहे. रुझेटसच्याच इजिप्शियन भाऊबंदांना जर्मनीत कोविडचा विषाणू नाकावाटे दिला तेव्हा काही काळ सौम्य संसर्ग झाला. आतडे नाही म्हणाले, म्हणून नाकही नाही म्हणेल असे नव्हे. अवयवकल्पाला रक्त नाही, रोगप्रतिकारक पेशींची फौज नाही, आतड्यातले अब्जावधी जीवाणू नाहीत. आणि रानातल्या वाघळाला भूक, थंडी, विणीचा ताण असतो, तो गोळ्याला नसतो.

हा शेवटचा मुद्दा चिंचेच्या झाडाशी येऊन मिळतो. युगांडातील किटाका येथील खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग विषाणूचा ताप आला. तेथे इजिप्शियन रुझेटस वाघळे होती. २००८ मध्ये ती सरसकट मारण्यात आली. काही वर्षांत खाणीत पुन्हा वाघळे वस्तीला आली. २०१२ मध्ये जवळच्या भागात मारबर्गची पुन्हा साथ आली, आणि खाणीतील वाघळे तपासली तेव्हा संसर्ग असलेल्यांचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक होते. जुनी, एकदा रोग होऊन गेलेली वाघळे मारली गेली, त्यांची जागा नव्या, रोगाला बळी पडू शकणाऱ्या वाघळांनी घेतली, असा त्याचा अर्थ लावतात. ऑस्ट्रेलियातही पंचवीस वर्षांच्या नोंदी असे सांगतात की रान तुटले आणि खाणे संपले की वाघळे वस्तीकडे सरकतात आणि त्यांचा हेंड्रा विषाणू घोड्यांत जाण्याच्या घटना वाढतात.

वरूडच्या बाईंना हे सारे आम्ही नंतर पत्राने कळवले. झाडाखालची पडलेली, उष्टी फळे व चिंचा मुलांनी खाऊ नयेत, पडलेल्या वाघळाला हात लावू नये, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर घट्ट झाकण असावे आणि शिंदीच्या झाडाला मडके लावत असतील तर त्यावर जाळी असावी, एवढेही लिहिले. त्यांचे उत्तर आले. झाड उभे आहे, टाकीला झाकण बसले आहे, आणि सातवीची मुले रोज संध्याकाळी किती वाघळे उडतात ते मोजून वहीत लिहितात. आकडे रोज जुळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही त्यांना सांगितले आहे की दोन मुलांनी वेगवेगळे मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत.